सँटाना रो: एका मालकाचा रस्ता

पुण्यात गाळा दाखवायला गेलो की गिऱ्हाइकाचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. फ्रंटेज किती, डिपॉझिट किती आणि गाड्या कुठं लागणार. शेजारी कोण आहे हे विचारायला बराच वेळ जातो. आणि संध्याकाळी सातला या फुटपाथवरून किती माणसं चालत जातात, हा प्रश्न अठरा वर्षांच्या दलालीत मला दोघांनीच विचारला. त्यातला एक चहावाला होता.

म्हणून धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेलो, तेव्हा सुट्टीतल्या चार संध्याकाळी मी सॅन होजेतल्या सँटाना रोवर बसून काढल्या. बहिणीला वाटलं, दादाला खरेदीचा नाद लागला. मी तिथं एक कॉफी आणि एक मोज्यांचा जोड एवढंच घेतलं. सॅन होजे हे १९९२पासून पुण्याचं भगिनी शहर आहे. नात्यातलं घर म्हटल्यावर स्वयंपाकघरापर्यंत जाऊन बघायला हरकत नसावी.

जागा समजून घ्यायला सोपी आहे. स्टीव्हन्स क्रीक आणि विंचेस्टर हे दोन रुंद बुलेवार्ड जिथं एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यावर चाळीसेक एकर. त्या रस्त्यांवर पायी चालणारा माणूस दिसला तर त्याची गाडी बंद पडली असावी असंच वाटतं. पण कोपऱ्यावरून आत वळलात की रस्ता एकदम आखडतो. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली इमारती, तळमजल्यावर दुकानं आणि खाण्याची ठिकाणं, वर लोकांची घरं. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात झाडं, बाकडी, टेबलखुर्च्या, कारंजं, पोराच्या कमरेएवढ्या सोंगट्यांचा बुद्धिबळाचा पट, आणि फ्रान्समधून उचलून आणलेला एका जुन्या चॅपेलचा दर्शनी भाग. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सात-आठ मिनिटांत पोचता येतं. कुणी पोचत नाही, कारण वाटेत थांबायला इतक्या जागा आहेत.

प्रत्येक इमारतीचा चेहरा वेगळा. एक इटलीकडची वाटते, दुसरी स्पेनकडची, तिसरी जुन्या कारखान्यासारखी. जणू शंभर वर्षांत एकेक करून उभी राहिली. प्रत्यक्षात हा सगळा पसारा एकाच कंपनीनं बांधलेला आणि पहिला टप्पा २००२ सालचा. पहिल्या दिवशी मला तो नाटकाचा सेट वाटला, बालगंधर्वच्या रंगमंचावर वाडा उभा करतात तसा. दुसऱ्या दिवशी मी ते विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या ठरलेल्या बाकावर दुसरं कुणी बसलेलं बघून चक्क राग आला.

समोर, स्टीव्हन्स क्रीकच्या पलीकडे, व्हॅली फेअर नावाचा अवाढव्य मॉल आहे. विंचेस्टरच्या पलीकडे बंदुकवाल्या विंचेस्टर घराण्याच्या विधवेनं वर्षानुवर्षं बांधत ठेवलेलं ते प्रसिद्ध गूढ घर. त्यातला एक जिना सरळ छताला जाऊन टेकतो. सँटाना रोच्या बाबतीतही सुरुवातीला अनेकांचं मत साधारण असंच होतं, की हा जिना कुठंच जात नाही.

आधी काय होतं

या जागेवर टाउन अँड कंट्री व्हिलेज नावाचं बैठं बाजार संकुल होतं. पुढं पार्किंगचं मैदान, मागं एकमजली दुकानांच्या ओळी, अमेरिकेच्या उपनगरांत जागोजागी असतं तसं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मेरीलँडच्या फेडरल रिअल्टी या कंपनीनं ते घेतलं. ही कंपनी म्हणजे आरईआयटी (रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट), शेअर बाजारात नोंदलेली भाडेवसुली म्हणा ना. भाड्यातून जे करपात्र उत्पन्न येतं त्याचा किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटावाच लागतो. आपल्याकडे नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट २०२३मध्ये बाजारात आला, तो या जातीचा आणि फक्त मॉलवाला असा देशातला पहिला. औंधचा वेस्टएंड मॉल त्यांच्याच ताब्यात आहे.

फेडरल रिअल्टी १९६२ सालची. १९६७पासून दरवर्षी लाभांश वाढवत आलेली, म्हणजे स्वभावानं सावध, व्याजावर जगणाऱ्या काकांसारखी. किराणा दुकान, त्याशेजारी लाँड्री, केस कापणारा, पिझ्झावाला, पुढं पार्किंग: हा त्यांचा नेहमीचा धंदा. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा रो हा चालत फिरायचा बाजार त्यांनी घडवला, तो चालला, आणि त्या जोरावर त्यांनी सॅन होजेत हे धाडस केलं. दुकानं, घरं, हॉटेल, चित्रपटगृह, सगळं मिळून एक अख्खा शहराचा तुकडा. कंपनीनं तोवर हाती घेतलेल्या कुठल्याही कामापेक्षा मोठा.

मग काळ फिरला. २०००च्या मार्चनंतर डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि ज्या इंजिनिअरांच्या खिशावर हे गणित मांडलं होतं ते घरी बसले. २००२च्या सुरुवातीला, म्हणजे सँटाना रोचं एकही दुकान उघडलं नव्हतं तेव्हा, कंपनीनं जाहीर केलं की हाती घेतलेलं पुरं करू, पण असले मोठे मिश्र प्रकल्प नव्यानं काढणार नाही. आपण आपल्या किराण्याच्या संकुलांकडे परत जातो. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाच्या बापानं मांडवात उभं राहून ‘पुन्हा असली सोयरीक करणार नाही’ म्हणावं, तसला प्रकार. ज्यांनी गाळ्यांचे करार केले होते त्या दुकानदारांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या पोटात गोळा आणतो. भाडेकरूला मालकाच्या पैशांपेक्षाही त्याचं मन जागेवर असणं जास्त लागतं.

एवढ्यावर भागलं नाही. १९ ऑगस्ट २००२ला, उद्घाटन महिन्यावर आलेलं असताना, बांधकाम चालू असलेल्या सगळ्यांत मोठ्या इमारतीला आग लागली. वरचे मजले लाकडी सांगाड्याचे, भिंतींना अजून अस्तर नाही, पाण्याची आगविरोधी नळयोजना चालू झालेली नाही. अडीचशेच्या आसपास घरं जळाली. जळती लाकडं वाऱ्यावर उडून अर्ध्या मैलावर हायवेपलीकडच्या जुन्या अपार्टमेंटच्या छपरांवर पडली आणि तिथंही आगी लागल्या. शंभराहून जास्त माणसं बेघर झाली. जीवितहानी झाली नाही. सॅन होजेच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या आगींमध्ये ती मोजली जाते. त्या इमारतीच्या तळाशी तीसेक दुकानं यायची होती.

७ नोव्हेंबर २००२ला उरलेला रस्ता उघडला. एक बाजू धड, दुसऱ्या बाजूला कुंपण.

गुच्ची की पास्ता

पहिल्या यादीत गुच्ची होतं, बर्बरी होतं. आराखडा करणाऱ्यांच्या डोक्यात बेव्हर्ली हिल्स असावं. शेजारी बेस्ट बाय आणि बॉर्डर्स पुस्तकवाले, क्रेट अँड बॅरल. आणि बरीचशी खाण्याची ठिकाणं. सुरुवातीच्या वर्षांत महागडी कापडदुकानं रडतखडत चालली आणि हॉटेलांपुढं रांगा लागल्या. सिलिकॉन व्हॅलीतला माणूस हजार डॉलरची पर्स घेण्याआधी तीनदा विचार करायचा, पण शुक्रवारी बायकोला घेऊन बाहेर जेवायला तो जाणारच होता. टी-शर्ट घालून करोडपती फिरतात त्या गावात भपक्याला गिऱ्हाईक कमीच, हे आपल्या बहिणीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

मला या प्रकरणातला खरा धडधाकट निर्णय यानंतरचा वाटतो. मालकानं हट्ट सोडला. मधल्या किमतीची दुकानं वाढवली, खाण्याचा भाग हा या रस्त्याचा मुख्य आधार मानला. मॉलमध्ये जुन्या पद्धतीनं दोन टोकांना दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स असतात, त्यांना अँकर म्हणतात. लोक एका अँकरकडून दुसऱ्याकडे जाताना मधल्या लहान दुकानांना गिऱ्हाईक मिळतं. सँटाना रोवर अँकरचं काम रस्त्याच्या मधल्या पट्ट्यानं आणि जेवणाच्या टेबलांनी केलं. माणूस साडेसहाला येतो, टेबल सव्वासातला मिळणार असतं, हातात नंबर. ती पाऊण तासाची वेळ हेच शेजारच्या दुकानदाराचं पीक. माझे मोजे त्या पाऊण तासातलेच.

हे वाचून सोपं वाटेल की चार हॉटेलं आणली की झालं. गाळा बघणाऱ्यांसाठी एक आतली गोष्ट सांगतो. ज्या इमारतीत वर घरं आहेत तिथं तळाला मोठं स्वयंपाकघर आणायचं तर धुराचं धुरांडं तळापासून गच्चीपर्यंत न्यावं लागतं. ती उभी पोकळी बांधतानाच सोडावी लागते. तेलकट पाण्याचा ग्रीस ट्रॅप, जाडजूड गॅसलाइन, कचरा रात्री मागून काढायची वाट, सगळं आधी. आपल्याकडे बाणेर-बालेवाडीत नव्या इमारतींच्या तळाला हॉटेल येतं आणि सहा महिन्यांत दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार जाते, कारण डक्ट त्यांच्या बाल्कनीशेजारून बाहेरून चढवलेला असतो. बिल्डरनं गाळे ‘कमर्शियल’ म्हणून विकून टाकलेले असतात; कुठं कपडे येतील आणि कुठं कढई, हे त्यानं ठरवलेलंच नसतं.

सँटाना रोवर ते ठरवणारा एकच आहे. एकही गाळा विकलेला नाही, सगळे भाड्यानं. त्यामुळं कोपऱ्यावर बँक घालायची का आइस्क्रीम, हा निर्णय सगळ्या रस्त्याचं भाडं डोळ्यापुढं ठेवून होतो. बँक कोपऱ्याला जास्त भाडं देईल. पण संध्याकाळी पाचनंतर तिचं शटर खाली आणि त्या भिंतीशी लोक चालायचे थांबतात, पुढच्या तीन दुकानांचं नुकसान. कोपऱ्यावर थोडं कमी भाडं घेऊन आइस्क्रीमवाला बसवायचा आणि ती तूट पुढच्या तीन गाळ्यांतून भरून काढायची, हे फक्त त्यालाच परवडतं ज्याचे चारही गाळे आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर चार गाळ्यांचे चार मालक असतात आणि चौघेही बँकेची वाट बघत असतात.

गाड्यांचंही तसंच. चालायचा रस्ता म्हणजे गाड्या पूर्ण बंद, असा आपल्याकडे समज आहे. शिकागोनं १९७९मध्ये स्टेट स्ट्रीटवरच्या खासगी गाड्या बंद करून फुटपाथ रुंद केले. संध्याकाळी रस्ता ओसाड वाटू लागला आणि १९९६मध्ये गाड्या परत आणल्या. सँटाना रोच्या मूळ आराखड्यात मधल्या रस्त्यावर गाड्या होत्याच, कडेला मोजकं पार्किंगही होतं. पण रस्ता इतका अरुंद आणि चालणारे इतके, की गाडी बैलगाडीच्या चालीनंच जाणार. बाकी सगळी वाहनं मागच्या बहुमजली पार्किंगमध्ये. तिथून दुकानाकडे यायचं तर पायी, आणि पायी म्हणजे इतरांच्या काचांवरून.

वर राहणाऱ्यांबद्दल एक गैरसमज माझाही होता. मला वाटायचं, वरची घरं म्हणजे खालच्या दुकानांचं हक्काचं गिऱ्हाईक. हिशोब केला तर वरची हजारभर घरं एवढ्या दुकानांना पुरणार नाहीत. त्यांचा उपयोग वेगळा आहे. मंगळवारी रात्री दहाला खिडक्यांत दिवे असतात, कुणीतरी कुत्रं फिरवत असतं, सकाळी सातला पळायला कुणीतरी उतरतं. रस्ता कधी बंद झालेला वाटत नाही. खालची शटर्स पडल्यावर बाजार जो भकास दिसतो, रविवारी दुपारच्या रविवार पेठेसारखा, तसा तो दिसत नाही.

दुपारच्या जेवणाची गर्दी मात्र वेगळ्या वाटेनं आली. गेल्या दशकात मालकानं याच जागेत मोठी ऑफिसं बांधली आणि स्प्लंक या सॉफ्टवेअर कंपनीनं त्यातल्या दोन इमारती घेतल्या. ज्या हॉटेलांचं आधी शुक्रवार-शनिवारवर भागायचं त्यांना बुधवारची दुपार मिळाली. पुढं महासाथीनंतर घरून काम सुरू झालं तेव्हा तीच दुपार पुन्हा पातळ झाली, हेही तितकंच खरं.

दुकानंही बदलत गेली आणि त्या बदलांत काळ वाचता येतो. बॉर्डर्स २०११मध्ये बुडालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेस्लानं इथं नव्या धर्तीचं शोरूम उघडलं. ॲपलच्या दुकानांची घडी बसवणाऱ्यांपैकी एकाला, जॉर्ज ब्लँकेनशिपला, त्यांनी त्यासाठी आणलं होतं. गाडी विकायची जागा हायवेच्या कडेला, ही समजूत सोडून ती आइस्क्रीम खाणाऱ्यांच्या वाटेत उभी केली. २०१७मध्ये ॲमेझॉननं पुस्तकांचं दुकान काढलं, २०२२मध्ये बंद केलं. ज्या रस्त्यावर पुस्तकांची मोठी साखळी बुडाली, तिथं तिला बुडवणाऱ्यांपैकी एकानं येऊन दुकान मांडलं आणि पाच वर्षांत तोही उठून गेला.

कागदावर

आता भाडेकरूच्या बाजूनं. इथं मी सँटाना रो सोडून थोडा बाजूला जातो, कारण जो करार मी डोळ्यांनी पाहिला तो दुसऱ्या एका, अशाच धाटणीच्या जागेतला होता.

बहिणीच्या शेजारी कोल्हापूरचं एक जोडपं राहतं. वहिनी घरून डबे करायच्या, मग परवाना काढून भाड्याच्या स्वयंपाकघरातून, आणि आता त्यांना मिसळ, थालीपीठ, कोथिंबीर वडीचं छोटं ठिकाण काढायचं होतं. दलालानं त्यांना एका नव्या ‘चालत फिरायच्या’ वसाहतीतला १,२०० चौरस फुटांचा गाळा दाखवला. “दादा, तुम्ही यातले आहात, जरा बघा,” म्हणून साठ पानांचा कागद माझ्यापुढं आला.

आकडे मी बदललेत आणि गोल केलेत, पण प्रमाण तेच ठेवलंय. मूळ भाडं वर्षाला चौरस फुटामागं ६० डॉलर, म्हणजे ७२,०००. त्याशिवाय मालमत्ता कर, विमा आणि सामाईक जागेची देखभाल यांतला वाटा. तिकडं याला ट्रिपल नेट म्हणतात. कारंज्याचं पाणी, शनिवारचा बँड, रोपांना खत, रात्रीचा पहारा, सगळं त्यात. चौरस फुटामागं २० धरले तर आणखी २४,०००. एकूण ९६,०००. वर विक्रीतला वाटा ६ टक्के, पण पहिल्या डॉलरपासून नव्हे. मूळ भाडं भागिले ६ टक्के, म्हणजे १२ लाखांच्या पुढं जी विक्री होईल तिच्यावर. आपल्या मॉलमध्ये एमजी, म्हणजे किमान हमीचं भाडं, आणि रेव्हेन्यू शेअर, म्हणजे विक्रीतला वाटा, यातलं जे जास्त ते, असं जे चालतं, हिशोबानं हे त्याचंच भावंड.

वहिनींचे यजमान, त्यांना मी भाऊ म्हणतो, म्हणाले, “वर्षाला आठ लाख विक्री होईल असं धरलंय.” मी वहीवर भागाकार केला. ९६ हजार भागिले ८ लाख, १२ टक्के. खाण्याच्या धंद्यात जागेचा एकूण खर्च विक्रीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा, हा तिकडचाही आणि इकडचाही ठोकताळा. दहावर यायचं तर ९ लाख ६० हजार विकायला हवेत. वर्षाचे ३६० दिवस धरा, दिवसाला २,६६७ डॉलर. माणशी १६ डॉलर बिल धरा. रोज १६७ माणसं.

“रोज?” वहिनींनी विचारलं.

“रोज. जानेवारीतल्या पावसाच्या मंगळवारीसुद्धा.”

त्या काही बोलल्या नाहीत. कढईखालचा गॅस बारीक केला.

भाडं मोठं होतं तरी मला खरी भीती कलमांची वाटली. एक कलम त्रिज्येचं: या गाळ्यापासून अमुक मैलांच्या आत भाडेकरूनं याच प्रकारचं दुसरं ठिकाण काढायचं नाही. त्यामागचा मालकाचा हिशोब उघड आहे. विक्रीत वाटा असल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडं वळलेलं त्याला चालणार नाही. पण वहिनींचे सनीव्हेलचे डबे त्या त्रिज्येत येत होते. दुसरं कलम वेळेचं: आठवड्याचे सातही दिवस, ठरलेल्या तासांत दार उघडं हवं. दिवाळीत नरक चतुर्दशीला सकाळी बंद ठेवलं तरी दंड. मोठ्या मालकाचं त्यातही बरोबर आहे. एक काच अंधारी पडली की शेजाऱ्यांचा संध्याकाळचा गल्ला उतरतो. पण साखळी हॉटेलाकडं पाळीनं माणसं असतात, इथं नवराबायको.

तिसरी गोष्ट कागदात नव्हती, आणि असायला हवी होती. शेजाराचं कलम. मोठे भाडेकरू लिहून घेतात की अमुक दुकान किंवा एकूण गाळ्यांपैकी इतके टक्के गाळे चालू नसतील तर आमचं भाडं आपोआप कमी होईल. वर्दळीच्या नावानं जास्तीचं भाडं घेता ना, मग वर्दळ आली नाही तर तो भार दोघांनी उचलायचा, असा त्याचा अर्थ. मी भाऊंना म्हटलं हे मागा. दलालाकडून निरोप आला की एवढ्या लहान भाडेकरूला ते देत नाहीत. आणि त्या वसाहतीतले निम्मे गाळे त्या वेळी ‘लवकरच येत आहे’च्या चित्रांनी झाकलेले होते.

२००२च्या नोव्हेंबरात सँटाना रोवर पहिल्या दिवशी शटर उघडणाऱ्या लहान दुकानदाराची अवस्था याहून वेगळी नव्हती. समोर जळक्या इमारतीचं कुंपण, वर रिकामी घरं, आणि मालक म्हणतोय पुन्हा असलं करणार नाही. ते टिकले यात नशिबाचा वाटा मोठा आहे, आणि मालकाचं पोट मोठं असण्याचाही. देशभरातल्या किराणा संकुलांचं भाडं दर महिन्याला येत होतं, म्हणून या एका रस्त्याला वाट बघायला वेळ मिळाला. जळलेली बाजू पुन्हा बांधली गेली. आणि ज्या कंपनीनं असले प्रकल्प पुन्हा नको म्हटलं होतं, तिनंच पुढच्या दशकात बोस्टनशेजारच्या समरव्हिलमध्ये असेम्ब्ली रो आणि मेरीलँडमध्ये पाइक अँड रोज उभे केले.

लक्ष्मी रस्ता

घरी आल्यावर प्रत्येकजण विचारतो, आपल्याकडं असं का नाही. ११ डिसेंबर २०२१ला पुणे महापालिकेनं पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद केला होता. रस्त्यावर रांगोळ्या, खुर्च्या, पोरं बिनधास्त पळतायत. मी त्या दिवशी तिथं होतो आणि खरं सांगतो, सँटाना रोपेक्षा छान दिसत होता, कारण तिथं खोटं काहीच नव्हतं. वाडे खरे, साड्या खऱ्या, भांडणंही खरी. दुसऱ्या दिवशी गाड्या परत.

व्यापाऱ्यांना दोष देऊन भागत नाही. गाडी लांब लावायला लागली तर गिऱ्हाईक कमी होईल ही त्यांची भीती आहे, आणि कमी झालं तर त्यांच्या भाड्यात कपात करणारा कुणी मालक नाही. उलट अनेक जुन्या दुकानांचं भाडं भाडेनियंत्रण कायद्याखाली जवळपास गोठलेलं. महाराष्ट्राचा १९९९चा कायदा बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना संरक्षणातून वगळतो, पण तिसऱ्या पिढीतला काचेच्या बांगड्यांचा दुकानदार आतच आहे. त्याच्या मालकाला रस्ता सुधारून एक रुपया जास्त मिळायचा नाही, मग तो बाकं कशाला बसवेल? सगळ्या रस्त्याचा नफातोटा एका वहीत मांडणारा कुणीच नाही. आणि तशी वही असती, तर त्या बांगडीवाल्याला पहिल्याच वर्षी उठवला असता, हेही मला माहीत आहे. सँटाना रोवर चार दिवसांत मला आजोबांपासून चालत आलेलं एकही दुकान दिसलं नाही. तिथं तसं असायचं कारणच नाही.

कोल्हापूरच्या जोडप्यानं तो कागद परत केला. सहा महिन्यांनी त्यांनी सनीव्हेलमध्येच एल कमिनो रस्त्यावर एका जुन्या बैठ्या संकुलात ९०० फुटांचा गाळा घेतला. शेजारी भारतीय किराणा, पलीकडं लाँड्री, पुढं डांबरी पार्किंग, पट्टे पुसलेले. भाडं निम्म्याच्या आसपास, त्रिज्येचं कलम नाही, सोमवारी सुट्टी चालते. किराणा घ्यायला येणारा आत डोकावतो. म्हणजे अँकर आहेच, फक्त तो तुरीची डाळ विकतो.

गेल्या दिवाळीत भाऊंनी फोनवर व्हिडिओ दाखवला. दीड वाजताच मिसळ संपलेली, पाटीवर खडूनं तसं लिहिलेलं, आणि दाराबाहेर पाच-सहा जण बसायला जागा नाही म्हणून पार्किंगच्या ठोकळ्यांवर बशा घेऊन टेकलेले. “दादा, इथं दोन बाकडी टाकू म्हणतोय,” ते म्हणाले, “मालकाला विचारलं तर म्हणतो जागा पार्किंगची आहे, त्यात बसता येणार नाही.”

मी म्हटलं, लेखी मागा. लाँड्रीवाल्याचीही सही घ्या.